अँसम

हँडसम. कॉर्नवॉलच्या टोकाला, न्यूलिनच्या धक्क्यावर
यातला ह खाऱ्या वाऱ्याने कधीच नेला,
ड गेला खवल्यांबरोबर पाण्यात.
उरलं ते अँसम.

जेगो पास्को मॅकरेलची पाठ बघून म्हणायचा, अँसम.
डांबर लावलेल्या दोराला. नीट बसलेल्या गाठीला.
पहाटे पावणेपाचच्या चहाला,
साखर विसरली असली तरी.

लंडनहून आलेली नवी मास्तरीण हसून म्हणाली,
अहो, हा शब्द पुरुषांसाठी. उंची, रुंद खांदे, तसली हनुवटी.
जेगोने आपल्या पोटाकडे पाहिलं
आणि अख्खा धक्का खिदळला.

ती सांगतच राहिली:
या शब्दाच्या पोटात हात आहे, ठाऊक आहे?
पूर्वी हाताळायला सोपं, हातात नीट बसणारं,
ते हँडसम.

लव्हडे मासे साफ करत होती.
सुरी थांबली नाही.
एकतीस वर्षांत त्याने तिला एकदाही म्हटलं नव्हतं.
की म्हटलं होतं?
तिने रफू केलेल्या स्वेटरच्या कोपराला म्हटलं होतं,
कोपर दुमडून, उलगडून, पुन्हा दुमडून.

मार्चमध्ये सुताराने पेटी आणली. एल्मच्या लाकडाची.
लव्हडेने झाकणावरून तळवा फिरवला,
सांधा जुळतो तिथे थांबली,
नखाने चाचपलं. कुठेच फट नव्हती.

अँसम, ती म्हणाली.

थँक्यू, सुतार म्हणाला.
तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.