पान तीन, खालची चौकट

उलटं वाचायला मी लवकर शिकले.
मिसिसिपीतल्या 'पर्डी स्प्रिंग्ज बीकन'च्या मागच्या खोलीत
सव्वीस वर्षं खिळे जुळवले.
बुधवारी रात्री बोटं काळी, गुरुवारी सकाळी अंक.

बातम्या काय, बदलायच्या. जाहिराती राहायच्या.
खेचरं, दात बघून घ्या, उधारी बंद: स्ट्रिकलंड बंधू.
बर्फ, सांगाल तेवढा, सातच्या आत दारात.
माल्व्हिना पूलकडे केस कुरळे, एप्रिलभर दीड डॉलर
(मे उजाडला तरी मी एप्रिल काढायला विसरले,
तीन आठवडे माल्व्हिना माझ्याशी बोलली नाही).

आणि पान तीन, खालचा कोपरा, दोन इंच, एक कॉलम:
जुन्या हॅट धुऊन, वाफ देऊन, साच्यावर बसवून मिळतील.
अल्फियस, डेपोच्या मागे.
नुसता अल्फियस.
आडनाव होतं त्याला, ग्रॅनबेरी.
पण काळ्या माणसाला बीकन मिस्टर लावत नसे,
आणि आडनाव छापलं की ते पुढे काहीतरी मागतं,
असं ड्यूप्रीसाहेब म्हणायचे. मालक तेच, संपादक तेच.

दर जानेवारीला तो मागच्या दाराने यायचा,
वर्षाचे पैसे मोजून द्यायचा.
मजकुराच्या कागदावर, शाळामास्तराला लाजवेल अशा अक्षरात:
मि. ए. ग्रॅनबेरी.
ड्यूप्री निळ्या पेन्सिलीने रेघ मारायचे, बाजूला अल्फियस लिहायचे.
मी ते जुळवायची.
अकरा जानेवाऱ्या. हात दुखल्याचं आठवत नाही.

मजा अशी की गावातली एकूण एक हॅट त्याच्या हाताखालून जायची.
जज्जची, पाद्र्याची, बँकेतल्या कॅशियरची, ड्यूप्रींचीसुद्धा.
आतल्या पट्टीवरचा घाम तो ओळखायचा,
कोणाचं डोकं खरं केवढं, त्याला ठाऊक.
यातली एकही हॅट
त्याला बघून बोटभर उचलली गेली नाही.

बाराव्या जानेवारीला तो आला तो कोर्टाचा कागद घेऊन.
दुकानाचं नाव नोंदवलं होतं:
मिस्टर ग्रॅनबेरीज हॅट वर्क्स.
"हे माझं नाव नाही, साहेब," तो म्हणाला,
"दुकानाचं आहे. शब्द वाढले, त्याचे हे वेगळे."
आणि नाणी टेबलावर ठेवली, एकावर एक रचून.

ड्यूप्रींनी पेन्सिल उचलली.
कागदावरची सही त्यांच्याच मेव्हण्याची,
कोर्टातला कारकून तो, न वाचता सही ठोकणारा.
पेन्सिल बराच वेळ हवेत. मग कानामागे गेली.

मी एमचा खिळा शोधला.
एम आरशातही एमच असतो,
तो जुळवताना मान वाकडी करावी लागत नाही.

मग फोनवर ऐकू यायला लागलं,
ऑपरेटर हसू दाबून जोडून द्यायची:
"जरा मिस्टर ग्रॅनबेरीज लावून दे."
काही जण 'डेपोमागचं ते' म्हणत राहिले.
एका डॉक्टरने हॅट मेरिडियनला पाठवली, ती आक्रसून आली.

एकसष्टच्या ऑक्टोबरात, शेवटच्या गुरुवारी, पान सहावर
तीन ओळी: अल्फियस, म्हातारा हॅटवाला, वारला.
मीच जुळवल्या. आधी काही लावलं नाही.
मला नोकरी हवी होती.

"ती पान तीनची चौकट मोड आता," ड्यूप्री म्हणाले.
डिसेंबरअखेरचे पैसे भरलेत, मी म्हटलं.
"कोणी?"

खोलीत यंत्र चालू होतं, मला मोठ्याने सांगावं लागलं.

आणखी नऊ गुरुवार ते पान तीनवर होते.
खालच्या कोपऱ्यात. दोन इंच.