अर्धं तिकीट

वास्कोच्या सागरदीप टॉकीजात त्या आठवड्यात
रोज तीन खेळ आमचा देश वाचत होता.
आमचा म्हणजे चीन.
ते तिकीट काढतानाच ठरलेलं.

पडद्यावर जपानी फौज गावात शिरायची,
मिठागरावरच्या म्हाताऱ्या मास्तरला विहिरीत ढकलायची,
आणि त्याचा अनवाणी चेला
बारा संगिनी नुसत्या तळपायानं वाकवायचा.
इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं.
ओठ मिटले की मग वाक्य यायचं,
मातृभूमीबद्दलचं तर नेहमीच उशिरा,
बंद तोंडातून.
एकदा कायतानकडून रिळं उलटसुलट लागली,
मेलेला मास्तर विहिरीकाठी चहा पिताना दिसला.
आम्ही शिट्ट्या मारल्या,
पण सूड काही मागे घेतला नाही.

दारावर गुणाजी मांद्रेकर.
अंगठा आणि तर्जनीत धरून तिकीट फाडायचा,
बाकीची तीन बोटं काठ्यांसारखी ताठ.
पंचावन्न साली झेंडा घेऊन सरहद्दीवर गेला होता;
कोठडीत पालमातोर बसला,
भोकं पाडलेली ती लाकडी पळी,
एका तळव्यावर मोजून चाळीस.
हात मागे घेतला नाही म्हणे.
म्हणे, कारण हे लोक सांगत. तो नाही.
त्या हाताची मूठ वळत नव्हती.

आम्ही मात्र मुठीचे भक्त.
पहाटे बायणाच्या वाळूत
नेव्हीतले नायर सर कराटे शिकवत:
इची, नी, सान, शी.
चारला 'शी' म्हणताना हसू फुटायचं.
शत्रूच्याच भाषेत आकडे मोजत
आम्ही शत्रूला मारायची तयारी करत होतो,
हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.
वडील बार्जवर खलाशी.
कुडचड्याची लाल माती झुवारीतून बंदरात,
बंदरातून जपानला.
माझा पांढरा गणवेश त्याच मातीतून शिवलेला.

शुक्रवारी शेवटच्या खेळाला तो आला, जहाजावरचा.
इस्त्रीचा शर्ट, मांडीवर घडी घातलेला रुमाल.
शेंगदाणे एकेक सोलून खात
आपलंच सैन्य मरताना बघत बसला.
मध्यंतरात कुणीतरी ओळखलं.
नंतरचा सिनेमा
आम्ही त्याच्या मानेवर पाहिला.

खेळ सुटल्यावर जिन्याखाली आम्ही अकरा जण.
इनासनं रुमाल खेचला.
मी पाय रोवले, कंबर वळवली,
आणि खरंच वाटलं, मागे विहीर आहे
आणि तिच्यात माझा मास्तर.

त्यानं हात उचलले नाहीत.
कमरेत वाकला.
पहाटे वाळूत आम्ही वाकायचो तेवढाच,
नजर त्याच जागी.
आता काय करायचं, ते मला पाठ होतं:
आपणही वाकायचं.
मी तसाच उभा.

गुणाजी आला. ओरडला नाही.
तो न मिटणारा पंजा माझ्या छातीवर टेकवला
आणि बॅटरीचा उजेड
त्या माणसाच्या पायांपुढे टाकला.
"संबाळ रे बाबा, हांगा पांवडो मोडला."
मग कुणाकडेच न बघता,
"कोणाचो पूत काय जाणा..."
मला वाटलं, मलाच विचारलं.
मी वडिलांचं नाव सांगितलं.

घरी खिसा उलटा केला तर अर्धं तिकीट.
उरलेलं अर्धं गुणाजीच्या डब्यात,
त्याच्या अर्ध्याबरोबर.

सकाळी वडिलांच्या बार्जनं
त्याच्या जहाजाच्या पोटात माती ओतली.
मी वाळूत उभा होतो.
इची. नी. सान.
माझे ओठ मिटले.
आणि मग, उशिरा, कुठून तरी
आवाज आला:
शी.