तिसरी बाज

कणकुंबीच्या गाडीची पाटी कन्नडमध्ये,
कंडक्टर भांडतो मराठीत.
शेवटच्या थांब्यापासून पाऊण तास चाल,
मग शेवंता गावड्यांची पडवी
आणि दोन बाजा.
दोनच.

फणसाखाली उभं राहिलं की रेंज येते.
फोनवर कुणी म्हणतो, आठ जण आहोत,
पैशाचं बघू, स्पीकर आमचा आणतो.
ती म्हणते, झऱ्याला विचारून सांगते.

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.
पण मार्चच्या उन्हात ती खरंच गेली,
धारेखाली कळशी लावून
आकडे म्हणत बसली.
शंभरात भरली तर दोन माणसं.
दीडशे झाले तर एक.
पुढचं गव्याचं, ती म्हणाली,
तो फोन करून येत नाही.

थोरला शट्टू खानापुराहून
तिसरी बाज घेऊन आला होता,
निम्मी वाट टेम्पोत, निम्मी डोक्यावर.
महिनाभर मायलेकरांत अबोला.

रात्री मी विचारलं, इथं बघण्यासारखं काय आहे?
तिनं दिवा फुंकला.
बराच वेळ काहीच दिसलं नाही,
मग कुठं खाली पाण्याशी
काहीतरी जड, सावकाश
श्वास सोडत उभं राहिलं.

सकाळी कुळथाचं सार, तांबडा भात,
आणि निघताना हातात पिशवी:
माझीच वेफर्सची पाकिटं, दोन बाटल्या,
धुऊन, दुमडून.
तुमचं विसरलं होतं, म्हणाली.

तिसऱ्या बाजेवर
मिरच्या वाळत होत्या.