क्षीरसागर, उपाशीपोटी

मुंबई नाक्याजवळच्या लॅबमध्ये
मी रोज सकाळी सातला लोकांचं रक्त फिरवते.
दहा मिनिटं गरगर,
मग लाल खाली बसतं, वर पिवळसर पाणी,
पातळ उसाच्या रसासारखं.
दिवाळीनंतरच्या आठवड्यात काही नळ्या
वरून पांढऱ्या निघतात. दुधासारख्या.
आम्ही पोरी हसतो, चहा टाका गं कुणीतरी.

शिमग्यानंतरच्या सोमवारी अशीच एक नळी
मी उजेडात धरली, हसले,
मग लेबल वाचलं:
क्षीरसागर रंगनाथ कारभारी, वय सदुसष्ट, उपाशीपोटी.

आडनावाला इतकं जागायचं नसतं, बाबा.

चौतीस वर्षं भद्रकालीतल्या भट्टीवर
माझ्या बापानं चिवडा तळला.
थर्मामीटर नाही, घड्याळ नाही.
कढईत चार पोहे टाकायचे, मान तिरपी करायची
आणि ऐकायचं.
"अजून बोलत नाहीये," म्हणायचे तेलाला.
आमच्या फिया त्या तेलातून,
माझा लॅबचा डिप्लोमा त्या तेलातून.
त्यांच्या शर्टाचा वास कधी धुवून गेला नाही;
आत किती मुरलाय, ते आता दिसलं.

मी रविवारपासून सुरू केलं.
साबुदाणा वडा आप्पेपात्रात, खळग्याला थेंबभर तेल.
बाबांनी एक उचलला, ताटात टाकून पाहिला.
"गोटी आहे."
मिसळीत मटकी दुप्पट, शेव चिमूटभर,
कटावरची तर्री पळीनं काढून वाटीत.
लॅबमध्ये करते तेच, फक्त इथे लाल वर येतं.
बाबा त्या वाटीकडे बघत जेवले.

भाजका चिवडा मात्र मी तीनदा करपवला.
चौथ्यांदा ते उठले, गॅस बंद केला.
"आधी पोहे गच्चीवर टाक. ऊन फुकट आहे नाशकात.
कांदाही वाळव, नखाएवढा पातळ चीर.
तळलेला कांदा गोड लागतो
तो तेलानं नाही, पाणी गेल्यानं."
हे मला चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी कढई चढली. तेल दोन चमचे.
ते ओतताना त्यांचा हात थबकला,
पंधरा किलोचे डबे उचललेला हात.
कढीपत्ता, डाळं, खोबऱ्याचे काप, मग पोहे.
मान तिरपी.
"तेल मोठ्यानं बोलतं. हे कुजबुजतात.
गप्प बस जरा."
मी पंखा बंद केला. फ्रिजसुद्धा.
लांब द्वारका चौकातून ट्रकांचे हॉर्न,
आणि कढईत म्हणे काहीतरी.
मला ट्रकच ऐकू आले.
"आता," ते म्हणाले.

स्वरदाच्या वाढदिवसाला, भावाकडे इंदिरानगरात,
तोच चिवडा कागदी द्रोणांत, शेजारी गोट्या, दह्यातली चटणी.
कुणा पोरानं विचारलं नाही तेल किती.
एकानं द्रोण चाटला.
बाबा दारात उभे राहून मोजत होते
दुसऱ्यांदा कोण मागतं.
"कुठल्या दुकानाचा हो?" वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.
"आहे एक जुना माणूस," म्हणाले,
आणि पत्ता दिला नाही.

त्या रात्री फ्रिज उघडल्याचा आवाज आला,
तर्रीच्या वाटीवर चमचा वाजला.
एकदाच.
मी कूस बदलली.

तीन महिन्यांनी पुन्हा नळी. मीच टोचलं.
चौतीस वर्षं उकळत्या तेलाशी खेळलेला माणूस
सुईकडे बघेना, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

मशीन थांबता थांबता त्याचा आवाज बारीक होत जातो.
झाकणावर हात ठेवून उभी होते,
शेजारची पोरगी म्हणाली, ताई, मान का वाकडी?

दूध नव्हतं. पाणीही नव्हतं.
घरी फोन लावला: बाबा, ताक झालंय, पातळ.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.

"मग जिरं घाल," म्हणाले.