ताळा

माझ्या टेबलावर दोन तक्ते आहेत
आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.
एक एप्रिलमध्ये जन्मतो, मार्चअखेर मिटतो.
दुसऱ्याचं वर्ष जानेवारीत उघडतं.
मधले तीन महिने, स्वेटरातून उन्हात येणारे,
कुणाच्या दाराशी उभे करायचे
हे हेमलता बागूल सोमवारपासून विचारतेय.

पहिला म्हणतो, एकलहऱ्याला कोळसा आला, इतका.
दुसरा म्हणतो, एकलहऱ्यात कोळसा जळला, इतका.
आलेला आणि जळलेला यांच्यामध्ये
साडेतीन हजार टनांची एक जागा आहे
जिथे काहीच नाही.

म्हणून आम्ही नाशिकरोडहून रिक्षा केली.

काट्यावरचे रंगनाथ पगारे म्हणाले,
वॅगन भिजून येते मॅडम, काटा पाणीसुद्धा मोजतो.
यार्डात पडून राहिली की पाणी निघून जातं
आणि तुमच्या कागदावर मी चोर ठरतो.

प्रयोगशाळेत शकील मनियार
चिमटीभर काळी भुकटी तोलत होते, श्वास रोखून.
मान वर न करता म्हणाले,
उष्णता कोणती हवी? वाफेची धरून की वाफेची सोडून?
हेमलतानं माझ्याकडे पाहिलं.
चार वर्षं आम्ही एका तक्त्यात धरून लिहीत होतो,
दुसऱ्यात सोडून,
आणि मधल्याला नुसतं 'फरक' म्हणत होतो.
घरातल्या जुन्या दुखण्याला म्हणतात तसं:
त्याला जरा असतं.

परतताना आडगावच्या पंपावर रिक्षा थांबली.
एक पोरगा स्कूटरच्या दोन्ही बाजूंना डिझेलचे कॅन बांधत होता.
बागेत ब्लोअर चालू आहे, म्हणाला, औषध मारायचंय.
पावतीवर छापलं होतं: वाहन.
मला आठवलं, ही पावती आपल्याकडे
वाहतुकीच्या रकान्यात येते.
म्हणजे द्राक्षांवरचा धूर
आपण आग्रा रोडवर लिहीत आलो.

मग वर्षाची शिवण उसवली.
बारा महिने सुटे केले, पुन्हा टाचले.
पाणी वजा केलं. वाफेचं एकच काहीतरी ठरवलं.
रात्री नऊला वडापाव आला, त्याचा गॅस
घरगुती सिलिंडरमधला होता, ते आम्ही पाहिलं नाही.

लाकडाशी अडलं.
ऊर्जेच्या तक्त्यात लाकूड ऐटीत बसलंय.
उत्सर्जनाच्या तक्त्यात त्याचा कार्बन बेरजेबाहेर,
तळाशी, टीप म्हणून.
तोडलेलं पुन्हा उगवतं, असं धरून.
निर्मला भोये टाइप करता करता थांबली.
तिचं गाव पेठच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी.
आईची मोळी तिनं स्वतः पाठीवरून वाहिलीय.
उगवलं का, तिनं विचारलं. कोण बघून आलं?
हेमलता म्हणाली, ते इथे नसतं गं,
ते जमिनीच्या हिशेबात धरतात.
त्यांना फोन केला का?
नाही.
निर्मलानं पुन्हा बोटं टेकवली, पण टाइप केलं नाही.

आता साडेतीन हजाराचे दोनशे बारा उरलेत.
हेमलता म्हणते, साठ्यात टाकून मोकळे होऊ,
वर कुणी विचारत नाही.
शाळेत हातचा एक विसरलो की
भागवत गुरुजी उत्तराला नाही, हाताला मारायचे.
मी दोनशे बाराला स्वतःची ओळ दिली.
नाव तेच जुनं ठेवलं, फरक.
फक्त या वेळी समोर कारणं लिहिली,
माहीत असलेली तीन,
आणि चौथ्यापुढे एक रिकामी रेघ.

साडेदहा वाजलेत. निर्मला तो नंबर शोधतेय.
या वेळी कुणी उचलणार नाही, मी म्हणालो.
माहितीय, ती म्हणाली, लिहून ठेवते.