बाद: एक

राजीनामा एका ओळीचा होता म्हणे.
कर्णिक वकिलांनी तो साध्या टपालाने धाडला
आणि कौन्सिलातली ठाणे जिल्ह्याची एक खुर्ची
दीड महिना रिकामी राहिली.

मी कारकून. बेलापूर केंद्र, मराठी शाळा.
माझ्या हवाली यादी, सहा पेन्सिली,
लाखेची कांडी आणि पत्र्याची पेटी.
बत्तीस रुपये सारा भरणारे, आजूबाजूच्या गावांतले मिळून
एकशे अकरा.
मिठागरांत पाय फुटलेले त्यात कुणी नाहीत.
बाई एकच, यमुनाबाई खोत.
दोन्ही उमेदवारांच्या दमण्या
एकाच वेळी तिच्या दारात लागल्या,
ती उंबऱ्याबाहेर आलीच नाही.

दुपारभर ओसरीवर कोंबड्या फिरल्या.
जमादार पेंगला.
लाख वितळवायला काडी ओढणार
तेवढ्यात कर्णिक आले. स्वतः.
यादीत सत्याहत्तरावे,
धंद्याच्या रकान्यात अजून ‘सभासद’.
मी खोडायला पेन्सिल उचलली.
म्हणाले, राहू दे आजचा दिवस.
पडद्याआड गेले.
पेन्सिल ओढल्याचा आवाज
एरवी टेबलापर्यंत यायचा.

होडीत पेटी मांडीवर घेऊन बसलो.
भरतीचं पाणी ठाण्याकडे आपणच ओढत होतं.
पोशा भोईरने वल्हं उचलून धरलं:
“यान कवरी मानसा हान, तात्या?”
“त्रेसष्ट.”
वल्ह्यावरून पाणी ठिबकत राहिलं.
मग त्याने हनुवटीनेच दाखवल्या
काठावरच्या मिठाच्या राशी,
तिन्हीसांजेला निळ्या पडलेल्या,
आणि त्यांच्यामधून घरी निघालेल्या माणसांची रांग.
मोजायला त्याने मला सांगितलं नाही.
मी मोजत होतो.
वळणाआड गेल्यावर चुकलो.

कचेरीत गॅसबत्तीखाली मोजणी.
तेहतीस. एकोणतीस.
आणि एक कागद, चार घड्यांचा,
लग्नपत्रिकेसारखा कोरा करकरीत जपलेला.
आत काही नाही.
साहेबाने उजेडापुढे धरला, उलटा केला,
पुन्हा सुलटा.
कोणाचा, मला ठाऊक नाही.
गुप्ततेची शपथ मी सकाळीच घेतली होती.

निवडून आलेल्याचं नाव लिहिलं,
त्याच्या मिळकतीला शोभेल असं, वळणदार.
खालच्या ओळीत: बाद, एक.
ते अक्षर जरा मोठं आलं.
टिपकागद दाबला तरी
शाई वाळायला वेळ लागला.