दहानंतर

तलाव भोसल्यांच्या काळचा,
थेटर तीन वर्षांचं.
मोठं सभागृह अकराशे खुर्च्यांचं, मे महिन्यातही शाल लागेल इतकं गार.
छोटं काळ्या भिंतींचं, तिथं साठ माणसं
नटाच्या घामाइतक्या अंतरावर बसतात.
आणि पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या,
पत्रकात त्यांना खुला रंगमंच म्हणतात,
आमच्या घरी अजूनही
जाळं वाळवायची जागा.

मी इथं दिवे लावते.
चौऱ्याऐंशी दिवे, एक पाटी, बोटांखाली सगळे.
कथक असेल तर उजेड बाजूने, खालून,
म्हणजे घोटे बोलतात.
राजा मेला की निळा.
डॉक्टरांच्या संघटनेची गाण्यांची रात्र असली की
सगळं पांढरंफेक,
कारण प्रत्येकाला फोटोत यायचं असतं.

बाबा कधी आत आले नाहीत.
जाळी बंद झाली तरी समोरच्या काठावर बसतात गळ टाकून.
पास दिला की घडी करून
गांडुळांच्या डब्याखाली ठेवतात.
एकदा विचारलं, तिथवर काय ऐकू येतं?
म्हणाले, "धडधड.
जसं कोणाचं डिझेल इंजन चालू राह्यलं."

लहानपणी ते आम्हाला डोंग्यात बोलू द्यायचे नाहीत.
रात्री पाण्यावर हळू बोललेलंही
पलीकडे जसंच्या तसं पोचतं,
मासे धरणाऱ्याचं घरचं भांडण
काठावर नको.

फाल्गुनात वडशाकडून दंडार आली.
एक टेम्पो, चौदा माणसं, दोन ढोलक्या, एक चोनका,
आणि राणीचं काम करणारे डोमाजी नैताम,
वय एकाहत्तर, दाढी दुपारीच घोटलेली.
त्यांनी काळमेघ साहेबांना विचारलं, खेळ कितीपर्यंत?
"दहा. लाउडस्पीकरचा नियम आहे."
डोमाजी पोट धरून हसले.
"दहाले तर आमचा गणपती येते, साहेब.
राणी निघते बारानंतर."

तरी त्यांनी कापलं. गण कापला, गवळण कापली,
हसवणाऱ्याला अर्ध्यात उठवलं,
आणि दहाला पाच कमी असताना
राणी जंगलात पोराला शोधत होती.

मग माईकचा लाल ठिपका विझला.

पायऱ्यांवर चुळबूळ. कुणी चपला शोधू लागलं.
डोमाजींनी माईक खाली ठेवला,
लुगड्याचा पदर खोचला,
आणि सगळ्यांकडे पाठ करून
पाण्याला विचारलं,
सागाच्या पानाआड कोणी पाह्यलं का माहं लेकरू.

माझं बोट प्रेक्षकांच्या दिव्यांवर होतं.
काळमेघ साहेब खालून हात हलवत होते.
नियम आवाजाचा होता,
उजेडाचा नव्हता.
मी त्र्याऐंशी दिवे विझवले
आणि एक त्या पाठीवर ठेवला.
घामाने चोळी ओली झालेली, पाठीचे मणके मोजता यावेत.
मागची बाई म्हणाली, दिसत तर काहीच नाही,
पण ती बसली.

साडेदहाला मेन स्विच कुणी ओढला
ते मला ठाऊक आहे, सांगणार नाही.
टाळ दोनदा वाजले अंधारात, मग थांबले.
टेम्पोवाल्याला उमरेडच्या पुढे झोप येते,
त्याला घाई होती.

सकाळी बाबा खर्रा घोटत होते.
वर न बघता म्हणाले,
"काल तुमच्या थेटरात शब्द होते."
थोड्या वेळानं,
"राणीले दुसऱ्या कडव्यात दम लागला. म्हातारी हाये का?"
म्हातारा आहे, मी म्हटलं.
त्यांचा हात थांबला. मग पुन्हा घोटू लागला.
"आन पोरगं? भेटलं का तिले?"

मला माहीत नव्हतं.
दिवे मीच लावले होते, तरी मला माहीत नव्हतं.

बाबांनी पन्नी बांधली, खिशात टाकली,
आणि तीन वर्षांत ज्यांनी तलाव ओलांडला नाही
ते म्हणाले,
"वडशाची बस किती वाजता राह्यते?"